कर्ष काळे यांचे नृत्यसंगीत : भाषा, लय आणि नाममुद्रा

परदेशस्थ मराठी कुटुंबांतील दुसऱ्या पिढीच्या कलानिर्मितीचा विचार मराठी समीक्षेत जो थोडाफार झाला आहे, तो बहुधा एकाच कसोटीवर : त्या निर्मितीत मराठी भाषा टिकली आहे की नाही. ही कसोटी गैर आहे असे नाही; वाङ्मयाच्या अभ्यासकाने भाषेपासून आरंभ करावा हेच स्वाभाविक होय. परंतु ज्या कलावंताचे माध्यम मुळातच शब्दप्रधान नाही, ज्याच्या रचनांत शब्द आले तर ते उर्दू-हिंदी किंवा इंग्रजी, आणि तरीही ज्याचे घराणे, नाव व हाताखालचे वाद्य भारतीय आहे, त्याच्या बाबतीत ही कसोटी लावली की उत्तर एका वाक्यात संपते आणि प्रश्न मात्र तसाच उरतो. कर्ष काळे यांच्या नृत्यसंगीताचा विचार प्रस्तुत निबंधात या दृष्टीने करावयाचा आहे.

काळे यांचा जन्म १९७४ साली इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमिच या गावी झाला. हे गाव बर्मिंगहॅमजवळच्या जुन्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्यातले. पंजाबी कामगारांची मोठी वस्ती असलेल्या या भागाला ब्रिटनमधील वांशिक तणावाचा इतिहास चांगलाच ठाऊक आहे. शेजारच्या स्मेदिकमध्ये १९६४ ची निवडणूक वर्णद्वेषी प्रचारावर लढली गेली होती. तथापि काळे यांच्या घडणीवर या परिसराचा फार परिणाम शोधणे अप्रस्तुत ठरेल, कारण त्यांचे कुटुंब ते लहान असतानाच अमेरिकेत गेले आणि ते वाढले न्यूयॉर्कच्या परिसरात. तबला आणि पाश्चात्त्य ड्रमसेट ही दोन्ही वाद्ये त्यांनी बालपणापासून हाताळली. पुढे तबल्याचा नाद विद्युत्-यंत्रणेतून नेऊन त्यांनी जो ‘इलेक्ट्रिक तबला’ सिद्ध केला, तीच त्यांची पहिली ओळख बनली. वादक, रचनाकार, डीजे आणि गायक अशा चारही भूमिका त्यांनी वठविल्या. पण त्यांत वादकाची भूमिका अग्रस्थानी आहे हे विसरून चालणार नाही.

नावापासून सुरुवात करणे येथे सोयीचे आहे. मूळ नाव उत्कर्ष. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात त्याचे ‘कर्ष’ झाले. ‘उत्’ हा उपसर्ग गळाला आणि उरला तो ‘ओढणे, खेचणे’ या अर्थाच्या कृष् धातूपासून सिद्ध झालेला भाग. नांगरटीसाठी वापरला जाणारा ‘कर्षण’ हा शब्द त्याच कुळातला. आडनावाची कथा याहून बोधप्रद आहे. रोमन लिपीत ‘काळे’ लिहिले की ‘ळ’ नाहीसा होतो, आणि अमेरिकन वाचकाच्या डोळ्यांना ते एका पालेभाजीचे नाव वाटते. तोच शब्द पुन्हा नागरीत येतो तेव्हा हिंदी वृत्तपत्रांत तो ‘काले’ होऊन येतो. म्हणजे इंग्रजीने घालविलेला वर्ण हिंदी परत देऊ शकत नाही. तो परत मिळवावयाचा तर मराठी लेखणीच लागते. नामांतराची ही उदाहरणे करमणुकीची वाटली तरी ग्रंथालयाच्या सूचीत तीन वेगळ्या ठिकाणी एकाच व्यक्तीची नोंद होते, तेव्हा त्यांचे गांभीर्य कळते.

काळे ज्या प्रवाहात पुढे आले, तो प्रवाह लंडनमधला. १९८२ साली ‘मॉन्सून’ या वाद्यवृंदातून शीला चंद्रा या गायिकेने ब्रिटिश लोकप्रिय गीतांच्या यादीत प्रवेश मिळविला, तेव्हा सतार-तबल्यासह इंग्रजी गीत ही कल्पना अद्याप नवलाची होती. पुढील दशकात ते नवल सरले. १९९५ मध्ये लंडनच्या हॉक्स्टन स्क्वेअरमधील ‘ब्लू नोट’ या क्लबात तालवीन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अनोखा’ नावाच्या रात्री सुरू केल्या. १९९७ मध्ये त्याच नावाचा संग्रह निघाला आणि ‘एशियन अंडरग्राउंड’ ही संज्ञा रूढ झाली. १९९९ चे मर्क्युरी पारितोषिक तालवीन सिंग यांच्या ‘ओके’ या ध्वनिमुद्रिकेस मिळाले. ही संज्ञा त्या कलावंतांपैकी अनेकांना मान्य नव्हती, आणि ते रास्तच होते. भूमिगत असण्याचा मान ज्याला बाहेरून दिला जातो, त्याला घरातली खोली मिळालेली नसते.

या प्रवाहाशी मराठीचा संबंध काळे यांच्या आधीच दोन ठिकाणी जडला होता. पहिला संबंध शोभा गुर्टू यांचा. बेळगावी १९२५ साली जन्मलेल्या या ठुमरीगायिकेचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी १९८८ मध्ये ‘उस्फ्रेट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत आईचा कंठ आणि मुलाची तालयोजना जाझच्या चौकटीत एकत्र आली. त्या मुद्रिकेचे श्रवण पुढील पिढीच्या तालवादकांनी काळजीपूर्वक केले आहे. दुसरा संबंध आशा भोसले यांचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९१ मध्ये बॉय जॉर्ज या ब्रिटिश गायकाच्या एका गीतात त्यांचा स्वर ऐकू आला. परंतु १९९७ मध्ये ‘कॉर्नरशॉप’ या वाद्यवृंदाने ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गीत प्रसिद्ध केले, त्यात त्यांचा स्वर नाही. केवळ नाव आहे. गीतकार तेजिंदर सिंग हे ब्रिटनमधील पंजाबी. त्यांनी आशाबाईंच्या बरोबरीने लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचीही नावे गुंफली, आणि गीताचा मध्यवर्ती विषय केला तो मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी. हे गीत मूळ रूपात फारसे गाजले नाही. नॉर्मन कुक या डीजेने त्याची गती वाढवून नवे रूप दिले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. सांगलीत जन्मलेल्या गायिकेचे नाव ब्रिटनभरच्या नृत्यगृहांत घुमले. पण नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते व्यक्तीचे नाव आहे की ‘आशा’ हे सामान्यनाम, याचा पत्ता नव्हता. गीताने मुद्दामच तो श्लेष मोकळा ठेवला होता. संस्कृत काव्यशास्त्राला हा सभंग नसलेला, अभंग श्लेष म्हणून सहज ओळखता येईल. मात्र तो जमला आहे तो इंग्रजी श्रोत्याच्या अज्ञानामुळे, आणि या गोष्टीची नोंद श्लेषाच्या कौतुकाबरोबरच व्हावयास हवी.

काळे यांचे स्थान या पार्श्वभूमीवर पाहावे. लंडनची हवा न्यूयॉर्कमध्ये पोहोचली तेव्हा ते तेथे होते. बिल लॅझवेल आणि उस्ताद झाकिर हुसेन यांच्या ‘तबला बीट सायन्स’ या उपक्रमात ते आरंभापासून सहभागी झाले. २००० साली निघालेल्या ‘ताल मॅट्रिक्स’ या मुद्रिकेत झाकिर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तालवीन सिंग आणि काळे ही चार नावे एकत्र आढळतात. उस्ताद सुलतान खाँ यांची सारंगीही या मंडळींच्या साथीला होती. २००१ मध्ये ‘सिक्स डिग्रीज’ या अमेरिकन संस्थेने काळे यांची ‘रिअलाइझ’ प्रसिद्ध केली. त्यानंतर २००३ मध्ये ‘लिबरेशन’, २००६ मध्ये ‘ब्रोकन इंग्लिश’, २००७ मध्ये अनुष्का शंकर यांच्यासमवेत ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’, २०११ मध्ये ‘सिनेमा’ आणि २०१६ मध्ये ‘अप’.

या मुद्रिकांचे स्वारस्य कोठे आहे हे नेमके सांगावयाचे तर लयीचा थोडा तांत्रिक विचार अपरिहार्य आहे. नव्वदीच्या दशकात ब्रिटनमध्ये वाढलेल्या ‘ड्रम अँड बेस’ या प्रकारात ढोलाचे आघात मिनिटाला सुमारे १६० ते १८० या वेगाने चालतात, पण खर्जाचा स्वर त्याच्या निम्म्या गतीने हलतो. श्रोता एकाच वेळी दोन लयींत असतो : पाय खर्जाबरोबर, कान आघातांबरोबर. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ही अवस्था अनोळखी नाही. बरोबरीची लय आणि दुगुन, ठेका आणि त्यावरचा रेला, यांचा संबंध तत्त्वतः हाच आहे. केरव्याच्या आठ मात्रा किंवा तीनतालाच्या सोळा मात्रा या चौकटीत विनासायास बसतात. रूपकाच्या सात अथवा झपतालाच्या दहा बसविताना चौकटच मोडावी लागते. बहुतेक डीजे ती मोडीत नाहीत, आणि म्हणून या प्रकारातील पुष्कळसे संगीत तबल्याला केवळ आभूषणासारखे वापरते. काळे यांचे वेगळेपण असे, की त्यांच्या उत्तम रचनांत तबला यंत्राच्या ठेक्यावर चढविलेला नसतो. ढोलाचे तुटक आघात रेल्याच्या घडणीने रचलेले असतात. यंत्राने तबल्याचे व्याकरण स्वीकारलेले असते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाचा प्रवेश होतो. तबल्याला लिपी नाही, परंतु भाषा आहे. धा, धिं, ना, तिरकिट ही बोलांची अक्षरे आधी मुखाने म्हणावयाची आणि मग हाताने काढावयाची. पढंत हा वादनाचा पूर्वसंस्कार आहे. कायदा, पेशकार, तुकडा, परण ही या निरर्थ अक्षरांच्या रचनेची नियमबद्ध रूपे आहेत, आणि गुरुशिष्यांच्या मौखिक परंपरेने ती जशीच्या तशी चालत आली आहेत. अर्थरहित पण छंदोबद्ध असे हे एक वाङ्मयच होय. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याची जी व्यवस्था लाविली, ती अक्षर, मात्रा आणि आवर्तन यांच्या आधारे; शब्दार्थ त्या व्यवस्थेच्या बाहेर राहतो. त्या दृष्टीने पाहिले तर भाषा विसरलेल्या किंवा न शिकलेल्या पिढीकडेही छंद शिल्लक राहू शकतो.

हे विधान दिलासा देण्यासाठी वापरले जाण्याचा धोका आहे, म्हणून त्याची मर्यादा लगेच सांगितली पाहिजे. तबल्याचे बोल मराठी नाहीत. दिल्ली, लखनौ, फर्रुखाबाद, पंजाब या घराण्यांनी ते घडविले. मराठीची स्वतःची लय म्हणावी ती जात्यावरच्या ओवीत, वारकरी भजनाच्या पखवाजात, लावणीच्या ढोलकीत. काळे यांच्या मुद्रिकांत यांतले फारसे काही आलेले नाही. मराठी कुटुंबातून आलेला कलावंत परदेशात ‘भारतीय’ म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती येते ते अखिल भारतीय मान्यता पावलेले वाद्य आणि अखिल भारतीय ठरलेली भाषा. प्रदेश मध्येच गळतो, ‘उत्’ गळाला तसा.

शब्दांच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट आहे. ‘रिअलाइझ’पासून काळे यांच्या रचनांत न्यूयॉर्कमधील गझलगायक विशाल वैद यांचा स्वर वारंवार येतो. उर्दू गझलेचा शेर या संगीताला विलक्षण मानवतो. दोन ओळींत पूर्ण होणारा, संदर्भापासून सुटा करता येणारा, पुनरावृत्तीने क्षीण न होता गडद होणारा असा तो घटक आहे. अभंगाचा चरणही असाच सुटा करता येतो; ध्रुपदाची पुनरावृत्ती तर त्याच्या रचनेतच आहे. मग अभंग का नाही? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्यापेक्षा श्रोतृवर्गात शोधावे. न्यूयॉर्कच्या क्लबात जमणारे गुजराती, पंजाबी, बंगाली, तमिळ तरुण ज्या एका भारतीय भाषेला निदान कानाने ओळखतात, ती हिंदी चित्रपटातून आलेली हिंदी-उर्दू. मराठी शब्द तेथे एका खोलीतले राहतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून गणेशोत्सव, नाटके, अधिवेशने यांच्याद्वारे मराठीचे जतन करीत आले आहे; पण मंडळाचे सभागृह आणि नृत्यगृह यांच्यामधला दरवाजा फार थोड्यांनी उघडला. त्यात दोष एकट्या नृत्यगृहाचा नव्हे. अधिवेशनातील मराठीला स्मरणरंजनाची इतकी सवय जडली की तरुणाने तीत काही नवे करावे, अशी अपेक्षाच क्षीण झाली.

‘ब्रोकन इंग्लिश’ ही मुद्रिका याच कारणाने तपासण्याजोगी आहे. येथे काळे गीताकडे, म्हणजे इंग्रजी शब्दाकडे, निश्चयाने वळले. शीर्षकात स्थलांतरितांच्या मोडक्या इंग्रजीचा उपहास आहे आणि तो परतवून लावण्याचा आविर्भावही. (मराठीला या प्रतिमेचे नवल वाटू नये; शतकानुशतके तिचा व्यवहार ज्या लिपीत चालला, तिचे नावच मोडी.) परंतु प्रत्यक्ष गीतांतील इंग्रजी मोडकी नाही, ती प्रचलित अमेरिकन गीतांची घासलेली, सुबक इंग्रजी आहे. ‘रिअलाइझ’मध्ये शब्द कमी होते आणि अर्थाचा भार लयीवर होता, येथे शब्द वाढले आणि लय त्यांच्या सेवेला लागली. ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’मध्ये पंडित रविशंकर, स्टिंग, नोरा जोन्स अशी मोठी नावे आहेत, आणि काही ठिकाणी त्या नावांचे ओझेही जाणवते. काळे यांच्या सामर्थ्याचा शोध घेणाऱ्याने अजूनही पहिल्या मुद्रिकेकडेच जावे.

तुलनेसाठी अरुण कोलटकर यांचे उदाहरण घेण्याचा मोह होतो. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कवी असलेल्या कोलटकरांना अमेरिकन ब्लूजचे आणि रॉक संगीताचे वेड होते. त्यांनी पखवाजाचे शिक्षण घेतले, इंग्रजी गीते रचली, तुकारामाचे अनुवाद केले. त्यांच्या ठायी ब्लूज आणि अभंग एकमेकांना भेटले ते भाषेच्या भूमीवर, कारण दोन्ही भाषा त्यांच्या हातात होत्या. काळे यांच्याकडे दोन लयी आहेत. एक भाषा आहे. हा फरक गुणवत्तेचा नसून परिस्थितीचा आहे, तरी त्याचे परिणाम गुणवत्तेवर होतात.

डीजेच्या कर्तृत्वाचा प्रश्न अजून उरतो. इतरांच्या रचना निवडून, जोडून, गती बदलून सादर करणाऱ्यास निर्माता म्हणावे काय? भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने तरी हा प्रश्न आश्चर्याने विचारू नये. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ आज हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाते, ती मुख्यतः संग्राहकाच्या नात्याने; गाथा अनेकांच्या, क्रम आणि निवड एकाची. वारकरी कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ इतर संतांची प्रमाणे ओवीत जातो; ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्यातील शतकांचे अंतर त्या तासाभरात नाहीसे होते. दोन रचनांचा सांधा श्रोत्याला जाणवू न देणे हे कीर्तनकाराचेही कौशल्य आहे. मात्र एक भेद मूलगामी आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा असते आणि कीर्तनकार ती पुसत नाही. उलट तिच्यावर थांबतो. ध्वनिमुद्रिकेच्या व्यवहारात मुद्रा स्थलांतर करते. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’च्या गाजलेल्या रूपावर कंसात नाव येते ते नॉर्मन कुकचे. काळे यांच्या ‘रिअलाइझ’मधील रचनांचीही इतर डीजेंनी केलेली रूपांतरे २००२ मध्ये ‘रिडिझाइन’ या नावाने निघाली. तेथे मूळ रचनाकाराचे नाव मुखपृष्ठावर राहिले, एवढे सौजन्य त्या संग्रहाने पाळले.

महाराष्ट्रात याच शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मराठी बोलीत ‘डीजे’ ही व्यक्ती राहिली नाही. ती यंत्रणा झाली. ‘डीजे लावला’, ‘डीजेला बंदी’ या प्रयोगांत डीजे म्हणजे गाडीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनंतर गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत तिच्यावरून वारंवार वाद झाले. कर्ता लोपून साधन उरल्याचे असे उदाहरण शब्दार्थशास्त्रात विरळा. पण याच भिंतीतून भीमगीतांची नृत्यरूपे वाजतात, आणि अजय-अतुल यांचे ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ २०१६ मध्ये गावोगाव वाजले. म्हणजे मराठी नृत्यसंगीत शब्दांसह जिवंत आहे. ते परदेशस्थ मराठी तरुणाच्या हातून झाले नाही इतकेच. २०१८ मध्ये ‘झिंगाट’ हिंदीत गेले तेव्हा चाल तीच राहिली आणि शब्द बदलले. प्रदेशाबाहेर पडताना काय गळते याची ही दुसरी नोंद.

काळे यांचा भारतातील सर्वांत निकटचा कलासंबंध मुंबई-पुण्याशी नव्हे, तर दिल्लीशी आहे. गौरव रैना आणि तपन राज या दिल्लीकरांच्या ‘मिडिव्हल पंडित्झ’ या जोडीसमवेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. या जोडीच्या नावात मध्ययुगवाचक इंग्रजी शब्दावर १९८३ मध्ये ठरलेल्या ‘मिडी’ या विद्युत्-वाद्यांच्या संकेतप्रणालीचा श्लेष आहे. तो केवळ रोमन लिपीत डोळ्यांना दिसतो. त्यांच्या ‘सायबर मेहफिल’ या मेळाव्यांनी दिल्लीत या संगीताचा श्रोता घडविला.

राजधानीत या संगीताला औपचारिक घर कोणते, असे विचारले तर उत्तर अवघड होते. एकेकाळच्या कर्झन रोडचे आज कस्तुरबा गांधी मार्ग हे नाव आहे. त्या एकाच मार्गावर मॅक्सम्युलर भवन, अमेरिकन सेंटर, भारतीय विद्या भवन आणि चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, १९९२ मध्ये खुली झालेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू आहे. कोरियांनी त्या वास्तूच्या अक्षावर बिंदू, चारबाग आणि युरोपीय विवेकवाद यांची चिन्हे एकामागून एक मांडली. दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन यांनी काळ्या-पांढऱ्या दगडांत वृक्षाची छाया रेखिली. २०१३ पासून त्याच मार्गावर नवे महाराष्ट्र सदनही उभे आहे. मार्गाला छेदणाऱ्या फिरोजशहा रस्त्यावर साहित्य अकादमी. जन्माने इंग्लंडचा, वाढीने अमेरिकेचा, कुळाने मराठी आणि कलासंबंधाने दिल्लीचा असा कलावंत या रस्त्यावरच्या प्रत्येक संस्थेला अंशतः आपला म्हणता येईल, आणि पूर्णपणे कोणालाच नाही. संस्था प्रतिनिधी शोधतात. काळे कोणाचेही प्रतिनिधी नाहीत. विद्यापीठांतील भाषाविभागांचीही अडचण हीच आहे, आणि ती रस्त्यावरच्या पाट्यांइतक्या सहज सुटणारी नाही.

पुढील काळात काळे चित्रपटाच्या पार्श्वसंगीताकडे वळले. २०१० च्या ‘कार्तिक कॉलिंग कार्तिक’साठी त्यांनी मिडिव्हल पंडित्झसह काम केले, आणि २०१९ मध्ये झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’चे पार्श्वसंगीत ‘सॅल्व्हेज ऑडिओ कलेक्टिव्ह’समवेत रचले. हा चित्रपट धारावीच्या तरुण रॅप-गायकाचा. त्यातले शब्द इतरांचे, बंबइया हिंदीचे. मुंबईत शाहिरीची परंपरा असताना पडद्यावरचा हा शाहीर मराठी बोलत नाही, यावर स्वतंत्रपणे लिहिले जावे. काळे यांचे काम तेथे शब्दांच्या खाली चालते : संवाद थांबला की लोकलचा खडखडाट, पत्र्यावरचा आघात आणि खर्जातली लय वर येते, आणि गीत सुरू होताच ती मागे सरते.